आधी पुस्तक उघडा, मग चेंबर

द्राक्ष बागायतदाराइतकं बारीक वाचणारा शेतकरी महाराष्ट्रात दुसरा नसेल. बुरशीनाशकाच्या डब्यावरचं मुंगीएवढं अक्षर तो डोळ्यांजवळ नेऊन वाचतो. प्रमाण किती, काढणीच्या किती दिवस आधी फवारा बंद, युरोपला माल जायचा तर अंश किती चालतो, सगळं त्याच्या तोंडावर असतं. त्याच माणसाला विचारा, ‘तुझ्या फवारणीच्या ब्लोअरच्या ट्रॅक्टरमध्ये ऑइल कोणतं?’ तो जराही न चाचरता सांगतो, ‘लाल डब्याचं.’ आणखी खोदलंत तर, ‘जाड येतं जरा. चांगलं असतं.’

संपलं. पाच-सहा लाखांचं यंत्र, बहुतेकदा कर्जावर घेतलेलं, आणि त्याच्या पोटात काय जातं याचं ज्ञान डब्याच्या रंगापाशी थांबतं.

मी निफाड तालुक्यात शेती करतो, हे रोज बघतो, त्यामुळे गोड बोलणार नाही. आमच्याकडे छोट्या ट्रॅक्टरांची इंजिनं वेळेआधी कामाला निघतात, त्यात खराब ऑइलचा वाटा आहेच; पण आमच्या न वाचण्याचा वाटा त्याहून मोठा आहे. आणि या न वाचण्यावर दुकानदार, डीलर, फिटर आणि डुप्लिकेट माल भरणारा अशा चौघांचं बिनघोर चाललेलं आहे.

ट्रॅक्टरबरोबर एक पुस्तक येतं. ते कुठे असतं हे घरात कुणाला माहीत नसतं. सापडलंच तर सीटखालच्या टूलबॉक्समध्ये, पान्ह्यांच्या खाली, प्लॅस्टिकची पिशवी न फोडलेल्या अवस्थेत सापडतं. माझ्या ट्रॅक्टरचं पुस्तक इंग्रजीत होतं. मराठी मागितलं तर शोरूममधला पोरगा म्हणाला, ‘काका, यूट्यूबवर आहे ना सगळं.’ ट्रॅक्टरची जाहिरात अस्सल मराठीत, फेटा बांधून, ढोल वाजवून. हप्त्याची नोटीसही मराठीत. आणि इंजिन कशानं जगेल ते मात्र इंग्रजीत. विकणाऱ्याला तुमची भाषा कधी आठवते आणि कधी विसरते, याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा. तरीही सांगतो, त्या पुस्तकात आपल्या कामाचं एकच पान असतं आणि ते पाचवी शिकलेल्यालाही वाचता येतं. त्यात तेलाचा ग्रेड असतो, तेलाचा दर्जा असतो आणि तासांचा आकडा असतो. एवढं पाठ केलं तरी काउंटरवर तुम्हाला कुणी बनवू शकत नाही.

काउंटरवर काय चालतं तेही पाहा.

‘ट्रॅक्टरचं ऑइल दे रे.’

‘मोठा का छोटा, नाना?’

‘छोटा.’

‘मग हे घ्या. सगळे हेच नेतात.’

नाना डबा उचलतात. डब्यावर एका शेतकऱ्याचं हसरं चित्र, ‘शक्ती’, ‘दम’, ‘सुपर’ असले शब्द आणि कोपऱ्यात, चित्राच्या पायाशी, खरी माहिती. ती माहिती नानांनी वाचली नाही, दुकानदारानं तर आयुष्यात वाचलेली नाही. ज्या डब्यावर त्याला जास्त पैसे सुटतात, तो डबा पुढच्या फळीवर असतो. हा त्याचा धंदा आहे, त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण याच दुकानात नाना कीटकनाशक घेताना घटक विचारतात, बॅच नंबर बघतात, मुदत तपासतात. ऑइल घेताना त्यांची अक्कल कुणी बाहेर ठेवून घेतली?

ग्रेड म्हणजे 15डब्ल्यू-40 किंवा 20डब्ल्यू-40 असं जे लिहिलेलं असतं ते. यातला मागचा 40 तेल तापल्यावर किती दाट राहतं ते सांगतो: 100 अंश सेल्सिअसला 12.5 ते 16.3 सेंटिस्टोकच्या पट्ट्यात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो. 15डब्ल्यूच्या तेलाची स्टार्टरवर इंजिन फिरण्याची चाचणी शून्याखाली 20 अंशांवर घेतात, 20डब्ल्यूची शून्याखाली 15 वर. आता आमचं निफाड थंडीसाठी नावाजलेलं. पारा चार-पाच अंशांवर आला की पेपरात फोटो येतात, बागेत शेकोट्या पेटतात, मण्यांना तडे जायच्या भीतीनं माणसं पहाटे ठिबक सुरू करतात. पण ती थंडी कितीही बोचली तरी शून्याखाली पंधरा-वीसच्या जवळपासही जात नाही. तिथे पुस्तकातलं 15डब्ल्यू-40 पुरून उरतं, आणि पुस्तकात 20डब्ल्यू-40 लिहिलं असेल तर तेही. असं असताना मागच्या हिवाळ्यात एका दुकानदारानं आमच्या गावातल्या एका पोराला ‘निफाडच्या थंडीला स्पेशल’ म्हणून 5डब्ल्यू-40 पूर्ण सिंथेटिक चिकटवलं, दुपटीच्या आसपास भावानं. ते तेल वाईट नसतं. कारगिलला ट्रॅक्टर न्यायचा असेल तर जरूर घ्या.

याच्या उलट्या टोकाला जाडीचे भक्त. ‘इंजिन जुनं झालं, जाड ऑइल टाका, धूर थांबेल.’ हे ज्ञान विहिरीवरच्या ऑइल इंजिनांच्या काळातलं आहे. सहाशे-साडेसहाशे फेऱ्यांवर ठोके देत चालणारं लिस्टर असो की नंतरची किर्लोस्करची इंजिनं, वडिलांच्या पिढीनं त्यांत एकाच ग्रेडचं, 30 किंवा 40 नंबरचं जाड तेल ओतलं आणि ती इंजिनं दोन पिढ्या चालली. बरोबरच होतं ते. पण आज तुमच्या वीस-पंचवीस हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरचं इंजिन दोन-अडीच हजार फेऱ्यांवर पळतं, त्याच्या बेअरिंगमधली फट बारीक आहे आणि थंड सुरुवातीला तेल वर पोचायला जितका उशीर, तितका वेळ धातूवर धातू घासतो. जाड तेलानं धूर चार दिवस कमी दिसतो. तेवढ्यात ट्रॅक्टर विकून टाकायचा असेल तर ही युक्ती चांगली आहे. आणि खरं सांगायचं तर ती त्यासाठीच वापरली जाते.

ग्रेड फक्त दाटपणा सांगतो. लोक तिथेच थांबतात आणि तिथेच फसतात. मोटारसायकलच्या बाटलीवर 20डब्ल्यू-40 असतं, ट्रॅक्टरच्या डब्यावरही 20डब्ल्यू-40 असतं. ‘आकडा तोच आहे की!’ म्हणून पोराच्या गाडीतलं उरलेलं अर्धा लिटर ट्रॅक्टरमध्ये टॉप-अपला ओतणारे महाभाग आमच्याकडे ढिगानं आहेत. आकड्याशेजारी एपीआय या अमेरिकी संस्थेनं ठरवलेला दर्जा असतो, तो बघायचा. एसनं सुरू होणारी अक्षरं पेट्रोल इंजिनासाठी, सीनं सुरू होणारी डिझेलसाठी. मोटारसायकलच्या तेलावर वर आणखी जॅसो एमए असंही लिहिलेलं असतं, कारण तिथे क्लचही त्याच तेलात बुडालेला असतो आणि तो घसरता कामा नये. डिझेल इंजिनाच्या तेलाचं काम वेगळं: काजळी पोटात घेऊन ती बारीक कणांत विखुरलेली ठेवायची, कुठे थर बसू द्यायचा नाही. दाटपणा सारखा म्हणून हे काम सारखं होत नाही.

सीच्या रांगेतही वय असतं. सीएफ-4 हा दर्जा 1990 सालचा. सीएच-4 आला 1998 मध्ये, सीआय-4 आला 2002 मध्ये, सीके-4 आला 2016 च्या शेवटी. सीएफ-4 एपीआयनं केव्हाच कालबाह्य यादीत टाकलेला आहे. आमच्या बाजारात मात्र ‘खास ट्रॅक्टरसाठी’ म्हणून तो अजून ऐटीत उभा आहे. ट्रॅक्टरवाल्याला जुनं चालतं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं दिसतं. पुस्तकात सीएफ-4 लिहिलं असेल तर सीआय-4 बिनदिक्कत टाकता येतं. वरचा दर्जा खालच्याचं काम करतो. उलटं चालत नाही. पुस्तकात सीआय-4 असताना ‘स्वस्तात मस्त’ म्हणून सीएफ-4 टाकणारा लिटरमागे थोडे पैसे वाचवतो आणि लायनर-पिस्टनच्या खात्यात ते व्याजासकट जमा करतो. आणि सीके-4 च्या मागे लागायचीही गरज नाही. ते मुख्यतः धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असलेल्या इंजिनांसाठी जन्मलं. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या धुरावरचे टीआरईएम-4 चे नियम 1 जानेवारी 2023 पासून लागू झाले ते 50 हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना. तुमच्या ब्लोअरच्या ट्रॅक्टरला असली गाळणी नाही. मग ‘लेटेस्ट आहे साहेब’ या वाक्याचे पैसे का मोजायचे?

आता तासांकडे येतो, कारण खरा घोळ तिथे आहे.

बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांच्या पुस्तकात पहिलं ऑइल 50 तासांच्या आसपास आणि पुढे 200-250 तासांवर बदला असं असतं. काही नव्या मॉडेलांत त्याहून जास्त. सोबत एक ओळ असते जी कुणीच वाचत नाही: किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी होईल ते. गावात दोनच पंथ. एक म्हणतो, ‘शंभर तासाला बदलायचंच, आमच्या आबांपासून चालत आलंय.’ दुसरा म्हणतो, ‘काळं पडलं की बदलू.’ दोघांनीही पुस्तक पाहिलेलं नाही.

शंभर तासवाल्यांच्या आबांचं चुकलेलं नव्हतं. त्या काळच्या डिझेलमध्ये गंधक फार होतं. जळताना त्याचं आम्ल होतं, ते तेलात उतरतं, आणि तेलातली आम्ल मारण्याची ताकद संपत जाते. म्हणून तेल लवकर बदलावं लागे. बीएस-3 च्या डिझेलमध्ये गंधक दशलक्षात 350 भागांपर्यंत असायचं, बीएस-4 मध्ये 50, आणि 1 एप्रिल 2020 पासून पंपावर जे मिळतं त्यात फक्त 10. आबांचा नियम ज्या डिझेलसाठी होता ते डिझेलच राहिलं नाही. तरी सर्व्हिस सेंटरचा फोन येतोच, ‘काका, शंभर तास झाले असतील, घेऊन या.’ त्यांना गंधकाची काळजी नसते. त्यांना महिन्याचं टार्गेट असतं.

काळं पडलं की बदलणारे त्याहून थोर. डिझेल इंजिनात नवं ऑइल टाकलं की काही तासांत ते काळं पडतं. पडायलाच हवं. काजळी लायनरवर, रिंगांच्या खोबणीत न बसता तेलात उतरली, म्हणजे तेल कामाला लागलं. खरं तर दहा-वीस तास चालूनही सोनेरी राहणाऱ्या डिझेलच्या तेलाचा मला संशय येईल. पण आमचे फिटर डीपस्टिक बाहेर काढतात, दोन बोटांत तेल चोळतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात: ‘ताकद गेली याची.’ वैद्यानं नाडी बघावी तसा थाट. तेलातलं आम्ल, उरलेली ताकद, काजळीचं प्रमाण बोटांना कळत असतं तर प्रयोगशाळा कशाला उघडल्या असत्या?

बोटांना आणि नाकाला कळतात अशा गोष्टी मात्र दोन आहेत, आणि त्या कुणी बघत नाही. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. तेलाला डिझेलचा वास आला आणि पट्टीवरची पातळी खुणेच्या वर सरकली, तर डिझेल उतरतंय. आमच्या शेजारच्या गावातल्या एकानं मला अभिमानानं सांगितलं होतं, ‘आपला ट्रॅक्टर ऑइल खात नाही, उलट वाढतं ते!’ मी त्याला म्हटलं, मग वरचं काढून विकत जा. नोझल गळत होतं, दुसरं काही नाही. तेल पातळ होत होतं आणि हा पाहुण्यांना पट्टी दाखवत होता.

आता छोट्या ट्रॅक्टरचं आयुष्य कसं असतं ते पाहा, म्हणजे वर्षाची ती ओळ का लिहिली ते कळेल. मोठा ट्रॅक्टर नांगराला जुंपला की सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका दमात चालतो. इंजिन नीट तापतं, तेलातला ओलावा आणि डिझेलचा अंश उडून जातो. बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरचं तसं नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्याच्या सुमारास पाऊस आला की डावणी रोगाच्या धास्तीनं रात्री अकराला ब्लोअर जोडायचा, एक एकर उरकायचं, पीटीओला 540 फेरे देत इंजिन पूर्ण जोरात रेटायचं. टाकी रिकामी झाली की शेडपाशी यायचं. मग औषध कालवणं, पाणी भरणं, फोनवर सल्लागाराला विचारणं, आणि हे सगळं होईस्तोवर ट्रॅक्टर आपला टकटकत उभा. ‘बंद केला तर परत बॅटरी उचलत नाही हो.’ बॅटरी बदलायची नाही म्हणून इंजिन जाळायचं, हा आमचा काटकसरीचा प्रकार. थंड इंजिनावर एकदम ताण आणि तापायच्या आत रेंगाळणं, या दोन्हींत न जळलेलं डिझेल रिंगांवरून खाली उतरतं आणि ओलावा तेलाच्या चेंबरमध्ये साचतो. मग उन्हाळी खरड छाटणी उरकली की तोच ट्रॅक्टर तेच तेल पोटात घेऊन दिवसचे दिवस उभा. वर्षाला दीडशे तासही न भरणारा असा ट्रॅक्टर ‘अजून अडीचशे कुठे झाले?’ म्हणून दोन वर्षं तेच तेल वागवतो.

आणि ते तास तरी खरे असतात का? केबलवर चालणाऱ्या मीटरचा तास हा घड्याळाचा तास नसतो. इंजिन ठरावीक फेऱ्यांवर चाललं तरच दोन्ही जुळतात. मंद चाललं की मीटर मागे पडतो. म्हणजे तेलाचे सर्वांत जास्त हाल ज्या रेंगाळण्यात होतात, ते मीटरमध्ये धड मोजलंच जात नाही. बरं, ही झाली चालू मीटरची गोष्ट. केबल तुटली की ती कुणी बसवत नाही. तुटलेल्या केबलचे फायदे विकताना असतात. बाजारात पाच वर्षांचा, तीन बागांवर राबलेला ट्रॅक्टर ‘फक्त सहाशे तास’ दाखवत उभा असतो आणि घेणारा मान डोलवतो. घरात भिंतीवर महालक्ष्मी कॅलेंडर असतं. त्यावर दुधाचा हिशोब लिहितात, गॅसची टाकी कधी लावली ते लिहितात, पण ऑइल बदललेली तारीख लिहायला पेन उचलत नाही.

बदलण्याची कृतीही आमच्याकडे एक स्वतंत्र विनोद आहे. ट्रॅक्टर सकाळी थंड असताना फिटर येतो, बांधाच्या उतारावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरखाली घमेलं सरकवतो आणि नट उघडतो. थंड तेल आळशासारखं थेंब थेंब गळतं, तळाचा गाळ तळाशीच राहतो, आणि चहा येईपर्यंत ‘झालं रिकामं’. इंजिन आधी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करायचं, सपाट जागेवर उभं करायचं, मग नट काढायचा आणि धार तुटून थेंब थांबेपर्यंत थांबायचं. नटाखालचा वायसर नवा टाकायचा. त्याची किंमत चहाएवढी आणि तो वाचवून वर्षभर चेंबर पाझरत ठेवायचा हा कुठला शहाणपणा? ऑइल भरताना नरसाळं धुतलेलं असावं, ही अपेक्षा जास्त नाही. त्याच नरसाळ्यानं काल युरियाचं पाणी ओतलेलं असतं. भरल्यावर इंजिन मिनिटभर चालवून बंद करायचं, तेल खाली उतरू द्यायचं, मग पट्टी बघायची. वरच्या खुणेच्या वर भरणं ही मेहेरबानी नाही. क्रँक तेलात आपटतो, फेस होतो, आणि फेसात वंगण कसलं. छोट्या ट्रॅक्टरच्या चेंबरला तीन ते पाच लिटरच्या आसपास लागतं, मॉडेलप्रमाणे. पाच लिटरचा डबा आणला म्हणून पाचही ओतायचेच असा नियम नाही.

फिल्टरबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. ऑइल नवं आणि फिल्टर जुना, ही आमच्याकडची सर्वमान्य बचत. जुन्या फिल्टरमध्ये जुनं तेल आणि अडकलेली घाण असतेच, आणि तो तुंबला की त्यातला बायपास उघडतो, मग तेल न गाळताच बेअरिंगला जातं. इंजिन बंद पडत नाही म्हणून कुणाला कळत नाही. डीलरकडे दिलं की हे प्रश्न सुटतात असं वाटत असेल तर माझा अनुभव ऐका. एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला ट्रॅक्टर देण्याआधी मी ऑइल फिल्टरच्या बुडाला मुलीच्या नेलपॉलिशची बारीक रेघ मारून ठेवली. ट्रॅक्टर संध्याकाळी धुऊन, टायरला काळं पॉलिश करून परत आला. बिलात नवा फिल्टर, जॉब कार्डावर फिल्टरपुढे टिक, आणि खाली वाकून पाहिलं तर माझी गुलाबी रेघ जागच्या जागी. मॅनेजरला दाखवली. तो म्हणाला, ‘कंपनीकडूनच तसा मार्क येत असेल, सर.’ त्यानंतर फिल्टर मी स्वतः बदलतो. रबरी रिंगला बोटानं तेल लावायचं, हातानं घट्ट बसवायचा, पान्हा लावून पिळायचा नाही. एवढ्यासाठी आयटीआय लागत नाही.

एवढं करूनही इंजिन खराब होतं तेव्हा लोक ऑइलला शिव्या देतात, आणि गुन्हेगार वर बसून हसत असतो. एअर क्लीनर. छाटणीनंतर रोटाव्हेटर चालतो तेव्हा नऊ-दहा फुटांच्या ओळीत, वर मांडवाचं छप्पर आणि खाली धुळीचा लोट अशा बोगद्यात हा बुटका ट्रॅक्टर श्वास घेत असतो. क्लीनरपासून इंजिनापर्यंतच्या रबरी पाइपाची एक क्लिप ढिली असली तरी ती धूळ थेट लायनरमध्ये जाते. माती म्हणजे वाळूच. ती पिस्टनच्या रिंगा कानशीसारख्या घासते आणि तेलात मिसळून बेअरिंगपर्यंत फिरते. क्लीनर ऑइल बाथचा असेल तर त्याच्या भांड्यात तळाला बोटभर चिखल जमेपर्यंत कुणी उघडून बघत नाही. सोन्याचं ऑइल ओतलंत तरी यावर इलाज नाही. क्लिपचा स्क्रू आवळायला लागतो अर्धा मिनिट.

कृषी प्रदर्शनात मात्र यावर इलाज मिळतो, छोट्या बाटलीत. स्टॉलवर एक यंत्र असतं: फिरणारी रिंग, तिच्यावर लिव्हरनं दाबलेलं बेअरिंग. साधं ऑइल टाकलं की करकरून यंत्र थांबतं. बाटलीतलं औषध टाकलं की विक्रेता लिव्हरला लोंबकळतो तरी रिंग फिरत राहते. टाळ्या. पाचशेच्या नोटा. बाबांनो, तुमच्या क्रँकशाफ्टचं बेअरिंग असं चालत नाही. तिथे पंप दाबानं तेल पुरवतो आणि शाफ्ट मऊ धातूच्या बेअरिंगमध्ये तेलाच्या थरावर तरंगत फिरतो. पोलादावर पोलाद दाबून घासण्याची ती चाचणी जिंकणारं रसायन तुमच्या इंजिनाच्या भल्याचंच असेल असं मुळीच नाही. चांगल्या तेलात कंपनीनं मोजून घातलेल्या रसायनांचा तोल मात्र त्यानं बिघडू शकतो. पण प्रदर्शनात तोल कोण बघतो, सगळे लोंबकळणाऱ्याकडे बघतात.

मग वॉरंटीची भीती. ‘आमच्याच डब्यातलं ऑइल टाका, नाहीतर वॉरंटी जाईल.’ ट्रॅक्टर बनवणारे तेलाचे शुद्धीकरण कारखाने चालवत नाहीत. ते तेल कुठल्या तरी ऑइल कंपनीकडून भरून घेतात आणि त्यावर आपलं नाव छापतात. ते वाईट असतं असं मी म्हणत नाही, बहुधा चांगलंच असतं. म्हणून वॉरंटी असेपर्यंत तेच टाका, पक्कं बिल घ्या, बिलं फाइलला लावा, वाद घालण्यात बागेचा वेळ घालवू नका. पण वॉरंटी संपल्यानंतरही तीच धमकी चालू असते आणि आम्ही ती निमूट ऐकतो. तेव्हा पुस्तक उघडून त्याच ग्रेडचं, त्याच दर्जाचं, नावाजलेल्या कंपनीचं तेल घ्या आणि गप्प बसा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा पहिल्या चार क्षेत्रांत मोबाइल, घरगुती उपकरणं आणि मोटारींबरोबर शेती अवजारंही होती. शहरातल्या माणसाला मोबाइलचा हक्क लगेच कळला. ट्रॅक्टरवाल्याला त्याचं पुस्तक अजून मराठीत मिळायचं आहे.

एक गोष्ट घाईत सांगून टाकतो, कारण ती करणारेही आहेत: इंजिनाचं ऑइल गिअर-हायड्रोलिकच्या हौदात टाकू नका. तिथलं तेल वेगळं. ब्रेक तेलात बुडालेले असतील तर ते करकरायला लागतात, आणि उतारावर भरलेला ब्लोअर मागे असताना ब्रेकवर प्रयोग करू नयेत.

राहिलं जळकं ऑइल. ते घमेल्यातून कुठे जातं? थोडं दाराच्या चौकटीला वाळवीसाठी, थोडं सेंट्रिंगच्या प्लेटांना, उरलेलं बांधावर ‘गवत जळतं त्यानं’ म्हणून. ज्या बांधाच्या पलीकडे विहीर आहे, त्याच बांधावर. 2016 च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे, आणि ते गोळा करून पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी 1 एप्रिल 2024 पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकलेली आहे. आमच्या शिवारात त्यांचा एकही ड्रम अजून दिसलेला नाही. दिसतो तो टेम्पोवाला, जो गॅरेजं फिरून रोख पैशात बॅरल भरून नेतो आणि पुढे ते कुठे जातं हे सांगत नाही. नीट कारखान्यात पुन्हा शुद्ध केलेलं तेल उत्तम असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ॲसिड आणि मातीनं धुऊन रंग उजळलेलं, चार थेंब रंग आणि वास घातलेलं तेल बाजारात सुटं आणि डब्यातही येतं. ते ओतायला नावाजलेला डबा लागतो. तो आपणच पुरवतो.

भंगारवाला साधं प्लॅस्टिक किलोवर घेतो. नामांकित ऑइलचा डबा झाकणासकट, लेबल न फाटलेला असेल तर मात्र नगावर भाव देतो, आणि आमची माणसं खूश होऊन असे डबे पुसून, झाकणं लावून ठेवतात. मी रिकामा डबा कोयत्यानं उभा चिरतो आणि झाकण वेगळं टाकतो. परवा तो म्हणाला, ‘दादा, असा डबा कापला तर काही नाही मिळणार बरं का.’ म्हटलं, नको देऊस.